खाडीच्या गाळातले धातू तिवरं काढतील का?

प्रश्न : कारखान्यांमुळे खाडीच्या गाळात साठलेलं तांबं, शिसं, जस्त तिवरांची झाडं आणि चिखलातले किडे साफ करतात, असं वाचलं. मग गाळ उपसायची गरजच नाही का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : साफ करण्यापेक्षा अडवून धरतात, असं म्हणणं खरं ठरेल. मैला जिवाणू खाऊन संपवतात. धातू कुणालाच संपवता येत नाही. तो फक्त जागा बदलतो किंवा रूप.

खाडीच्या खालच्या काळ्या, वास मारणाऱ्या गाळात ऑक्सिजन नसतो. तिथे गंधकाशी बांधलेले धातू बरेचसे जागीच पडून राहतात. तिवराची मुळं तिथे हवा पोचवतात. त्यामुळे मुळांभोवती लोहाचा तांबूस थर चढतो आणि धातूंचा मोठा वाटा त्यातच अडकतो. पानांपर्यंत त्यामानाने थोडाच जातो. शिवाय तिवरांच्या गर्दीत भरतीचा जोर मोडतो, गाळ बसतो. माझ्या मते हेच त्यांचं सर्वांत मोलाचं काम.

किड्यांचं तसं सरळ नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलची रेस्ट्रॉन्गेट खाडी शतकानुशतकं खाणींचं पाणी झेलत आली. इतर ठिकाणचे नेरीस नावाचे चिखलातले किडे ज्या तांब्याने मरतात, ते तिथले नेरीस सोसतात, असं ब्रायन आणि हमरस्टोन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. ते अंगात तांबं साठवून जगतात. पण मासे आणि पक्षी त्यांनाच खातात! शिवाय बिळांतून हे किडे पाणी खाली खेळवतात, तेव्हा गंधकाने धरलेला धातू सुटू शकतो. तो शेजारच्या मुळाने ओढून घेतला तर ठीक, पाण्यात गेला तर नुकसान.

धातू खरोखर बाहेर काढायचा, तर झाड कापून न्यावं लागतं. तिवरं तोडून मात्र ते करू नये. धरलेला गाळच सुटेल. त्यासाठी खाऱ्या चिखलात पसरणाऱ्या, मांसल पानांच्या सेसुव्हियमसारख्या वनस्पतींचे प्रयोग झाले आहेत. तो पाला गुरांपुढे टाकायचा नाही, जपून विल्हेवाट लावायची.

पण वनस्पतींवरच सारं सोपवता येत नाही. याच रेस्ट्रॉन्गेटच्या वरच्या अंगाला जानेवारी १९९२ मध्ये व्हील जेन खाणीचं दूषित पाणी फुटून नदीत आलं. पुढे बोरूच्या पाणथळीतून ते गाळून पाहिलं, पण अखेर चुन्याने धातू खाली बसवणारा प्रकल्पच उभारावा लागला.

गाळ सरसकट उपसला तर ढवळून धातू मोकळे होतील. आधी सांडपाणी थांबवावं, मग फार दूषित जागाच निवडून, पाण्यात गाळ अडवणारा पडदा लावून उपसाव्यात. बाकीचा गाळ तिवरांच्या ताब्यात राहू द्यावा.