क्रमांक 241 : जॉश गिब्सनचं कार्ड

1933 साली बॉस्टनच्या गाउडी कंपनीनं च्युइंगगमबरोबर बेसबॉलपटूंची चित्रकार्डं द्यायला सुरुवात केली. 240 क्रमांकांच्या त्या संचात बेब रूथची चार कार्डं आहेत: 53, 144, 149 आणि 181. जॉश गिब्सनचं एकही नाही. गिब्सन तेव्हा पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सचा कॅचर होता आणि फटकेबाजीत रूथच्या जोडीनं त्याचं नाव घेतलं जाई. पण तो कृष्णवर्णीय होता, निग्रो लीगमध्ये खेळत होता, आणि गम विकणाऱ्यांच्या लेखी ती लीग नव्हतीच. 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीगचं कृष्णवर्णीयांसाठी बंद असलेलं दार उघडलं. गिब्सन त्याच वर्षी 20 जानेवारीला, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारला होता.

घरच्या घरी बेसबॉल कार्ड तयार करण्याचा छंद अमेरिकेत चांगला रुजलेला आहे. कुणी आपल्या मुलाचं लिटल लीगमधलं कार्ड करतं, कुणी आवडत्या खेळाडूला नव्या रूपात मांडतं. त्यात आनंद आहेच. तरी माझ्या मते या छंदाचं सर्वांत मोलाचं काम म्हणजे जी कार्डं निघायला हवी होती आणि निघाली नाहीत, ती काढणं. म्हणून इथे कृती देतो आहे ती गिब्सनच्या कार्डाची, 1933 च्या धाटणीतली. गाउडीचा शेवटचा क्रमांक 240, म्हणून आपला 241.

साहित्य

जिंप आणि इंकस्केप ही दोन मोफत सॉफ्टवेअरं असलेला संगणक, चित्रासाठी कागद आणि पोस्टर कलर, 300 जीएसएमचं आर्ट कार्ड, स्टीलची पट्टी, धारदार कटर, कटिंग मॅट आणि कार्ड ठेवायची पारदर्शक पाकिटं. घरी प्रिंटर नसला तरी अडत नाही.

कृती

आधी माप. गाउडीचं मूळ कार्ड 2⅜ × 2⅞ इंचांचं, म्हणजे बरंच चौकोनी होतं. आज सर्वत्र चालणारं 2.5 × 3.5 इंचांचं माप टॉप्स कंपनीनं 1957 मध्ये आणलं. आपण हेच घ्यावं, कारण बाजारातली सगळी पाकिटं आणि नऊ कप्प्यांची पानं याच मापाची असतात. उंची वाढल्यानं खालच्या पट्टीला जागाही मिळते. संगणकावर मात्र पान घ्यायचं 2.75 × 3.75 इंचांचं, 300 डीपीआयला 825 × 1125 पिक्सेल. चारही बाजूंचा हा जास्तीचा अष्टमांश इंच म्हणजे ब्लीड. पार्श्वभूमीचा रंग त्याच्या टोकापर्यंत न्यायचा. म्हणजे कटर केसभर सरकला तरी कडेला पांढरी रेघ दिसत नाही. कापायच्या रेषेपासून आतही तेवढंच अंतर मोकळं ठेवा. नाव, क्रमांक, चेहरा यांतलं काहीही त्या पट्ट्यात येऊ देऊ नका.

मग चित्र. 1933 च्या कार्डांवर छायाचित्रावरून रंगवलेली चित्रं होती, मागे बऱ्याचदा एकाच भडक रंगाचा सपाट पडदा. हे आपल्या पथ्यावर पडतं. जुन्या फोटोतला धूसरपणा रंगकामात लपतो आणि चित्राला आपला हात लागतो. संदर्भासाठी पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियम ऑफ आर्टमधला चार्ल्स ‘टीनी’ हॅरिस यांचा संग्रह जरूर पाहा. त्या शहरातलं कृष्णवर्णीयांचं जीवन त्यांनी अनेक दशकं टिपलं. एका फोटोची नक्कल करण्याऐवजी चार-पाच फोटो समोर ठेवून स्वतःची मुद्रा ठरवा. गिब्सन उजव्या हाताचा फलंदाज होता, अंगानं दणकट, 6 फूट 1 इंच उंच. बॅट खांद्यावर घेतलेला अर्धा देह या मापात उठून दिसतो. पूर्ण आकृती घेतली तर चेहरा वाटाण्याएवढा होतो. गणवेश मात्र त्याच वर्षाचा हवा. पुढे तो होमस्टेड ग्रेजकडून खेळला, त्यामुळे फोटोंमध्ये दोन्ही संघांचे कपडे मिसळलेले सापडतात.

हक्कांचं भान इथेच ठेवावं. अमेरिकेत त्या काळी प्रसिद्ध झालेल्या कृतीवरचा हक्क 95 वर्षांपर्यंत टिकू शकतो. स्वतःच्या वहीत ठेवायचं एखादं कार्ड ही एक गोष्ट आणि विकायला काढलेला संच ही दुसरी. विकायचं असेल तर छायाचित्रकार, संघाचं बोधचिन्ह आणि खेळाडूचे वारस या तिन्ही बाजूंनी परवानगी पाहावी लागते. निर्धास्तपणे सराव करायचा असेल, तर लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 1887 ते 1914 या काळातली सुमारे 2,100 बेसबॉल कार्डं सर्वांसाठी खुली केली आहेत. त्यांतलं एखादं घेऊन हात बसवा.

आता पुढच्या बाजूची मांडणी. चित्र, नाव, संघ. चौथी गोष्ट नको. पार्श्वभूमी पिवळी किंवा निळी घ्या आणि तळाशी लाल पट्टी. गाउडीच्या बऱ्याच कार्डांवर त्या पट्टीत गमची जाहिरात असे. आपण तिथे ‘पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स’ लिहायचं. चौकट ठेवायची तर पांढरी ठेवा. टॉप्सच्या 1971 च्या संचाची काळी चौकट दिसायला देखणी, पण कडांवरची शाई उडून पांढरे टवके दिसू लागतात आणि त्या संचाची धड राहिलेली कार्डं शोधताना संग्राहकांचा जीव मेटाकुटीला येतो. घरी कापलेल्या कार्डावर ते पहिल्याच दिवशी दिसेल.

नाव देवनागरीत लिहायचं असेल तर मुंबईच्या एक टाइपनं केलेले ‘बालू’ आणि ‘मुक्ता’ हे मोफत फाँट घ्या. बालूचं जाड, गोलसर वळण अशा कार्डाला शोभतं. वेलांट्या आणि रफार वर चढतात, म्हणून पट्टीत शिरोरेघेच्या वर पुरेशी जागा सोडा. जोडाक्षरं फुटत नाहीत ना, हे छापायला देण्यापूर्वी पाहाच: ‘गिब्सन’मधला ब् पाय मोडून वेगळा पडलेला दिसला, तर मजकूर इंकस्केपमध्ये लिहून त्याचं चित्र करून घ्या. नावाच्या बाबतीत मोठ्या कंपन्यांनीही निष्काळजीपणा केला आहे. प्वेर्तो रिकोच्या रोबेर्तो क्लेमेंतेला टॉप्सनं 1957 पासून 1969 पर्यंत ‘बॉब’ करून टाकलं होतं आणि 1953 च्या कार्डावर सॅचेल पेजच्या नावात एक ‘एल’ जास्तीचा घातला. आपण एकच कार्ड करतो आहोत. ते तरी बिनचूक असावं.

कार्डाची पाठ. माझा सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि जावाही. गाउडीच्या पाठी हिरव्या शाईत छापलेल्या असत: वर क्रमांक, नाव, मग काही ओळींत खेळाडूची ओळख. आकड्यांचा तक्ता टॉप्सनं 1952 च्या संचापासून लोकप्रिय केला. आपण ओळखही द्यावी आणि दोन-तीन आकडेही. पण गिब्सनचे कोणते? कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये 1972 साली लागलेल्या त्याच्या फलकावर ‘जवळजवळ 800’ होमरनचा उल्लेख आहे. त्यात लीगबाहेरचे सामनेही आहेत. गावोगावी फिरून खेळलेले हे सामने त्या संघांचं पोट होते, पण त्यांचे धावफलक नीट जपले गेले नाहीत. लीगच्या सामन्यांत कागदोपत्री सापडणारे होमरन त्या 800 च्या पाव हिश्श्याच्याही खाली येतात. मेजर लीगनं 2020 मध्ये 1920 ते 1948 या काळातल्या सात निग्रो लीगांना बरोबरीचा दर्जा दिला आणि मे 2024 मध्ये त्यांचे आकडे आपल्या नोंदींत घेतले. तेव्हा गिब्सनची कारकिर्दीची फलंदाजीची सरासरी .372 ठरली आणि आधीचा विक्रमवीर टाय कॉब मागे पडला. 1943 ची त्याची .466 ही सरासरी एका हंगामातली सर्वोच्च म्हणून नोंदली गेली.

माझा सल्ला असा: तक्त्यात हे दोन नोंदलेले आकडे घ्या आणि 800 चा उल्लेख ओळख सांगणाऱ्या मजकुरात, ‘हॉल ऑफ फेमच्या फलकानुसार’ एवढं जोडून करा. दोन्ही खरे आहेत, पण ते एका रकान्यात बसत नाहीत. मात्र 1933 च्या धाटणीच्या कार्डावर 1943 आणि 2024 चे आकडे दिले की ते त्या वर्षाचं कार्ड उरत नाही, आज मागे वळून केलेलं कार्ड होतं. ते तसंच असावं. म्हणून पाठीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘हस्तनिर्मित’, तुमचं नाव आणि तयार केल्याचं साल छापा. काही जण चहाच्या पाण्यात बुडवून, कोपरे घासून कार्ड जुनं भासवतात. ते करू नये. जुन्या कार्डांच्या बाजारात बनावट मालाचा आधीच सुळसुळाट आहे. 1909 ते 1911 दरम्यानच्या बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या दुर्मिळ सिगारेट कार्डाच्या नकलांनी किती जणांना फसवलं असेल! प्रेमापोटी केलेली वस्तू उद्या कुणाची फसवणूक करील अशी ठेवू नये.

मजकूर 6 पॉइंटच्या खाली नेऊ नका; देवनागरीत 7 बरा. मावत नसेल तर वाक्य कापा, अक्षर नाही.

छपाईआधी दोन्ही बाजू साध्या कागदावर खऱ्या मापात काढून, कापून, हातभर अंतरावरून वाचा. पडद्यावर मोठं करून पाहताना जे चुकत नाही, ते इथे लगेच डोळ्यांत भरतं. पडद्यावरचे झगझगीत रंग छापल्यावर थोडे मंद होतात, तेव्हा पिवळा आणि लाल जरा चढेच ठेवा.

ए-फोर कागदावर ब्लीडसकट कार्डं आडवी ठेवून दोन रांगांत चार-चार, अशी आठ बसतात. व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्या डिजिटल प्रिंटच्या दुकानात 12 × 18 इंचांच्या शीटवर अठरा. घरचे बरेच इंकजेट प्रिंटर 300 जीएसएमचा जाड कागद ओढत नाहीत. तिथे दोन पातळ कागद छापून मधल्या पुठ्ठ्याला दोन्हीकडून चिकटवावे आणि रात्रभर वजनाखाली दाबून ठेवावे. पाठपोट छपाईत मागची बाजू एखाद-दोन मिलिमीटर हमखास सरकते. म्हणून पाठीला बारीक चौकट देऊच नका. आठ वेगवेगळी कार्डं असतील तर पाठीची मांडणी आरशातल्यासारखी उलटी करायची. डावी रांग उजवीकडे. दुकानदाराला एकच नमुना काढून दाखवायला सांगा आणि तो उजेडात धरून दोन्ही बाजू जुळतात का ते पाहा.

कापताना एकाच घावात कागद तोडू नये. पट्टी घट्ट धरून कटर हलक्या हातानं तीन-चारदा फिरवा; पातं नवं असावं. आधी लांब रेषा, मग आखूड. कोपरे टोकदारच ठेवा. गोल कोपरे पत्त्यांना असतात.

तयार कार्ड आधी मऊ पातळ पाकिटात, मग कडक प्लॅस्टिकच्या आवरणात. पीव्हीसीची पाकिटं टाळा, काही वर्षांत ती चिकट होतात आणि छपाई खराब करतात.

ए-फोर कागदावर आठ जागा आहेत. 1933 च्या क्रॉफर्ड्समध्ये गिब्सनसकट पाच जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले: सॅचेल पेज 1971 मध्ये, गिब्सन 1972 मध्ये, ‘कूल पापा’ बेल 1974 मध्ये, जूडी जॉन्सन 1975 मध्ये आणि ऑस्कर चार्ल्स्टन 1976 मध्ये. गाउडीच्या त्या संचात यांच्यापैकी एकालाही जागा मिळाली नाही. 242 ते 245 हे क्रमांक त्यांना द्या. उरलेल्या तीन जागांसाठी निग्रो लीगमधले आणखी खेळाडू तुम्ही शोधा आणि प्रत्येकाची पाठ लिहिण्याआधी त्याच्याबद्दल वाचा.