कॉफी थकवा घालवत नाही, लपवते

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे आणि कॉफी यांचे नाते जुने. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत तर कॉफीचे भांडे भरलेले आहे की रिकामे, हे जागेवरूनच कळावे म्हणून १९९१ साली त्यावर कॅमेरा लावला होता!

पुण्याच्या कंपन्यांतून सुटीत गावी आलेली मुले माझ्याकडे येतात. तक्रार एकच : झोप लागत नाही. मी आधी विचारतो, शेवटचा कप किती वाजता?

जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते व झोप येऊ लागते. कॉफीतील कॅफिन त्याची जागा अडवते. थकवा जात नाही, फक्त जाणवत नाही. साधारण पाच तासांनीही निम्मे कॅफिन शरीरात उरते. म्हणजे रात्री आठची कॉफी एक वाजताही काम करतच असते. मग सकाळी सुस्ती, की पुन्हा कॉफी!

निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफिन घेऊ नये, गरोदर स्त्रीने २००. मगभर कडक कॉफीत सुमारे १०० असते, चहातलेही मोजावे. शेवटचा कप दुपारीच घ्यावा. सवय एकदम तोडल्यास डोके दुखते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करावा. आणि खरी झोप आली, तर झोपावे. तिला दुसरे औषध नाही.