पुढच्याच्या पाठीवरचे टेबल

मोटारीतल्या पुढच्या सीटच्या पाठीला अडकवायचा घडीचा ट्रे मागे बसणाऱ्यांसाठी केलेला असतो, पण त्याचे बूड असते पुढच्याच्या पाठीवर. त्याचे बहुतेक सगळे धोके या एकाच गोष्टीतून निघतात. ट्रेवरचा चहा मागच्याचा. ट्रे हलवण्याची सत्ता मात्र सीटचा खटका ज्याच्या हाताशी आहे त्याची. विकत घेताना हे सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. प्रस्तुत लेखकाच्याही आले नव्हते; ते यायला खंबाटकी घाटात एक कप चहा सांडावा लागला.

या वस्तूचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला नुसता कापडी. दुकानात त्याला ‘बॅक सीट ऑर्गनायझर’ म्हणतात. त्याला पाण्याच्या बाटलीचे, छत्रीचे, टिश्यूच्या खोक्याचे, मोबाइलचे असे खिसे असतात. दुसऱ्या प्रकारात त्याच कापडावर दोन दांड्यांवर उघडणारा प्लास्टिकचा ट्रे असतो. ट्रेला कपासाठी गोल भोक असते आणि मोबाइल उभा करायला खाच असते. तिसरा प्रकार कारखान्यातूनच सीटमध्ये बसवून येतो. टोयोटा इनोव्हा क्रिस्टा, किआ कॅरेन्स यांसारख्या मोठ्या गाड्यांच्या काही प्रकारांत तो मिळतो. तो सीटच्या सांगाड्याला पक्का जोडलेला असल्यामुळे डुगडुगत नाही. पुढे जे सांगितले आहे ते मुख्यतः दुसऱ्या प्रकाराविषयी आहे, कारण तोच जास्त खपतो आणि जास्त फसवतो.

जोडणी साधी असते. वरचा पट्टा हेडरेस्टच्या दोन दांड्यांना अडकवतात, खालचा पट्टा सीटच्या पाठीभोवती घेऊन बकलमध्ये बसवतात. काही स्वस्त गाड्यांत हेडरेस्ट सीटच्याच अंगाचे असते, त्याला वेगळ्या दांड्या नसतात. तिथे वरचा पट्टा नुसता डोक्याभोवती ओढून घ्यावा लागतो आणि दर खड्ड्याला तो बोटभर खाली सरकतो. अशा गाडीत ट्रे लावूच नये, कापडी खिशांवर भागवावे. दांड्या असल्या तरी पट्टा दांडीभोवती एक वेढा देऊन मग बकल लावावे. नुसता अडकवलेला पट्टा वजन आले की ढिला पडतो. सीटची पाठ थोडी मागे कललेली असते, म्हणून ट्रेच्या दांड्यांना तीन-चार खाचा दिलेल्या असतात. ट्रे सपाट राहील ती खाच शोधायची. इथपर्यंत सगळे खोक्यावरच्या चित्रात असते.

खोक्यावरच्या चित्रात पुढच्या सीटवर कोणी बसलेले नसते.

लेखकाच्या गाडीत ते होते. पुण्याहून साताऱ्याला जाताना शिरवळला चहा घेतला आणि दोन कागदी कप गाडीत आणले, कारण पुढे उशीर होत होता. पुढे डावीकडे लेखकाचे वडील, त्यांच्या मागे नऊ वर्षांचा मुलगा, त्याच्या शेजारी मुलाची आई. ट्रे फक्त डाव्या सीटला होता, म्हणून आईचा चहाही मुलाच्या ट्रेवर ठेवला गेला, बिस्किटाच्या पुड्याशेजारी. घाट चढायला लागल्यावर आजोबा म्हणाले, “जरा पाठ टेकतो,” आणि त्यांनी सीटचा खटका ओढला. सीट धाडकन मागे गेली. कप ट्रेच्या कडेपर्यंत घसरत गेला आणि मुलाच्या मांडीवर उलटला.

यात दोष ना आजोबांचा, ना कपाचा. सीटची पाठ खालच्या बिजागरीवर फिरते. ती पंधरा अंश मागे गेली की तिला जोडलेला ट्रेही पंधरा अंश फिरतो आणि त्याची मोकळी कड खाली, थेट मागच्याच्या मांडीकडे झुकते. ट्रे बिजागरीपासून सुमारे ४० सेंटिमीटर वर असेल, तर तेवढ्याच हालचालीत तो जवळजवळ १० सेंटिमीटर मागेही सरकतो. म्हणजे एकाच झटक्यात ट्रे जवळ येतो आणि ओतायच्या कोनातही येतो. खटका ओढून मोकळी होणारी सीट अंगाचे वजन पडताच एकदम मागे जाते. गोल चकती फिरवून हलणारी सीट सावकाश जाते, तिथे निदान कप उचलायला वेळ मिळतो. गाडीत कोणत्या प्रकारची सीट आहे हे ट्रे घेण्याआधी पाहिले पाहिजे. पुढे बसणाऱ्याला ट्रे दिसत नाही, म्हणून “मागे काही आहे का?” असे विचारल्याशिवाय खटक्याला हात लावायचा नाही, हा नियम पुढच्या माणसासाठी आहे, मागच्यासाठी नव्हे.

त्यानंतर गाडीत काय झाले हेही सांगण्यासारखे आहे. मुलाने जीन घातली होती. जाड कापड चहा शोषून घेते आणि गरम पोटिसासारखे कातडीला धरून ठेवते, म्हणून भाजल्यावर पहिले काम ओले कपडे उतरवणे हे असते. कापड कातडीला चिकटले असेल तरच ते तसेच ठेवायचे. घाटात गाडी बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत कपडे उतरवणे राहूनच गेले. दुसरे काम वाहत्या गार पाण्याचे, तेही चांगली वीस मिनिटे. गाडीतली एक लिटरची बाटली धार धरल्यावर मिनिटभरही पुरली नाही. दरम्यान ट्रेखालच्या खिशातून टूथपेस्ट बाहेर आली आणि ती लावण्याचा प्रेमळ आग्रह सुरू झाला. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बर्फ यांपैकी काहीही लावायचे नसते. पेस्टने उष्णता आत कोंडते, शिवाय डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते. बर्फाने आधीच दुखावलेली कातडी आणखी दुखावते. घाट उतरल्यावर एका हॉटेलच्या मागच्या नळाखाली मुलाला उभे केले, तेव्हा कुठे त्याचे रडणे थांबले. उशिरा मिळालेल्या पाण्याचाही उपयोग होतो, हे त्यात कळले. फोड आले तर ते फोडू नयेत. भाजलेली जागा भाजलेल्याच्या तळहातापेक्षा मोठी असेल, किंवा चेहरा, हात वा जांघेत असेल, तर सरळ दवाखाना गाठावा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

गाडीतल्या गरम पेयाची सर्वांत गाजलेली घटना अमेरिकेतली आहे, आणि त्या वेळी गाडी चालूही नव्हती. फेब्रुवारी १९९२ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक नातवाच्या गाडीत बसल्या होत्या. गाडीला कप ठेवायची जागा नव्हती. साखर घालण्यासाठी त्यांनी मॅकडॉनल्ड्सच्या कॉफीचा कप गुडघ्यांत धरून झाकण ओढले आणि कॉफी मांडीवर सांडली. ती कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअस तापमानाला दिली जात असे. जखमा इतक्या खोल होत्या की दुसरीकडची कातडी लावावी लागली. १९९४ मध्ये ज्यूरीने कंपनीला मोठी भरपाई द्यायला सांगितले, न्यायाधीशांनी ती कमी केली आणि शेवटी दोघांत तडजोड झाली. लोक या खटल्याची टिंगल करतात ती रकमेवरून. पण ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाच्या कातडीला पाचेक सेकंदांत खोलवर भाजते, आणि मुलांची कातडी त्याहून पातळ असते. नुकताच उकळून कपात ओतलेला चहा ६० अंशांच्या बराच वर असतो. कप ठेवायला जागा नसणे जितके वाईट, तितकीच हलणारी जागा असणे वाईट.

सीट हलली नाही तरी चहा हलतोच. गाडीचा वेग बदलला की पातळ पदार्थाचा पृष्ठभाग तिरका होतो आणि तो किती तिरका होईल हे सरळ गणिताने सांगता येते. जरा जोराचा ब्रेक, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांश एवढी गतिरोधी ओढ लागली, तर पृष्ठभाग सुमारे सतरा अंश कलतो. कपाचे तोंड ७ सेंटिमीटर रुंद असेल, तर चहा एका कडेला १ सेंटिमीटर चढतो. समोर अचानक म्हैस आली आणि ब्रेक कचकन दाबला, तर हीच चढ अडीच सेंटिमीटरपर्यंत जाते. वर उसळी येते ती वेगळी. ब्रेक लागला की चहा पुढे, सीटच्या पाठीकडे जातो, ही त्यातल्या त्यात बरी बाजू. वेग वाढवताना आणि चढावर तो मागे, मांडीकडे येतो, वळणावर शेजाऱ्याकडे. म्हणून चालत्या गाडीतला कप निम्म्याहून जास्त भरू नये, आणि गरम पेय झाकणाच्या थर्मासखेरीज कशातच नसावे. कपासाठीचे भोकही तपासून घ्यावे. ते बहुधा बाटली किंवा मोठ्या डब्याच्या मापाचे असते. आपल्याकडचा कागदी चहाचा कप त्यातून खाली उतरतो आणि फक्त काठावर लोंबतो. काठ चहाने भिजून मऊ पडला की कप आत कोसळतो. घरून निघतानाच नेहमीची बाटली आणि नेहमीचा कप त्यात ठेवून बघितला तर हा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो.

चालत्या गाडीत ट्रे मिटलेला असावा, याला आणखी एक कारण आहे. विमान उडताना आणि उतरताना ट्रे मिटायला लावतात. एक तर बाहेर पडायची वाट मोकळी राहावी म्हणून आणि दुसरे, झटक्यात पुढे येणारे पोट वा डोके त्याच्या कडेवर आपटू नये म्हणून. मोटारीचा अपघात मात्र रस्त्यावर कुठेही होऊ शकतो, त्याला उड्डाणाची आणि उतरण्याची वेळ नसते. शिवाय उघड्या ट्रेवर जेवायला माणूस पुढे वाकतो आणि छातीवरचा पट्टा सैल करतो किंवा काखेखाली सरकवतो. मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि न लावल्यास १००० रुपये दंड आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे तपासात पुढे आले. तेव्हापासून मागच्या पट्ट्याची चर्चा आपल्याकडे जरा गंभीरपणे होते. ट्रे लावला म्हणून तो पट्टा सैल होत असेल, तर ट्रे मिटावा.

खिशांत काय ठेवायचे हाही प्रश्न आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली, तर सुटलेली एक लिटरची बाटली समोर ज्याला लागेल त्याला जवळजवळ १० मीटर उंचीवरून पडल्यासारखी लागते. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. सीटच्या पाठीशी चिकटलेली बाटली समोरून धडक बसल्यास सीटवरच दाबली जाते, तेवढे ठीक. पण मागून धडक बसली किंवा गाडी उलटली की ती मोकळी होते. स्टीलची बाटली, काचेची लोणच्याची बरणी, पक्कड, जाड चार्जर अशा वस्तू दाराच्या खालच्या कप्प्यात किंवा डिकीत जाव्यात. सीटमागे रुमाल, टिश्यू, बिस्किटे, कागदी पुस्तक, प्लास्टिकची हलकी बाटली एवढेच शोभते. उन्हाळ्यात बंद गाडीचे आतले तापमान बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी चढते, म्हणून पॉवर बँक, सॅनिटायझर, स्प्रेचा डबा हे खिशात सोडून गाडी उन्हात लावू नये. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तर ट्रेसुद्धा वाकडा होतो.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. ज्या गाड्यांत बाजूच्या एअरबॅग असतात, तिथे त्या बहुधा पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडच्या कडेला शिवणीमागे बसवलेल्या असतात. तिथे ‘एअरबॅग’ असे लिहिलेले छोटे लेबल दिसते. ती पिशवी पापणी लवायच्या आत शिवण फाडून बाहेर यायला हवी. ऑर्गनायझरचा रुंद खालचा पट्टा किंवा बाजूने वळवलेले कापड नेमके त्या शिवणीवर आले, तर तिचा मार्ग अडतो. लेबल असलेल्या सीटवर वस्तू फक्त मागच्या सपाट भागावर बसते ना, पट्टा अरुंद आहे ना आणि तो लेबलाच्या वर किंवा खालून जातो ना, हे पाहावे. तसे जमत नसेल तर ती वस्तू त्या गाडीसाठी नाही.

मुलांसाठी टॅब्लेट लावायला खाच असते. सरळ रस्त्यावर तिचे काही वाकडे नाही. घाटात मात्र खाली मान घालून पडद्याकडे पाहणाऱ्या मुलाला गाडी हमखास लागते, कारण कानातला तोल सांभाळणारा अवयव वळण सांगत असतो आणि डोळे स्थिर चित्र दाखवत असतात. उलटीची पिशवी त्याच ट्रेच्या खिशात ठेवायची पद्धत आहे, ती सोयीची आहे.

ट्रेचा खरा उपयोग थांबलेल्या गाडीत होतो. पाऊस पडत असताना रस्त्याकडेला डबा उघडायला, टोल नाक्यावरच्या लांब रांगेत नव्हे तर पेट्रोल पंपाच्या आवारात शांतपणे पोळी-भाजी खायला, आजारी माणसाला औषध देताना पाण्याचा पेला टेकवायला तो फार कामाचा आहे. लेखकाच्या गाडीत तो अजून आहे आणि इंजिन बंद असतानाच उघडतो.

देखभाल थोडीच लागते. दुधाचा चहा पट्ट्यात मुरला की दोन दिवसांत आंबूस वास मारू लागतो, म्हणून पट्टे काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. उन्हात इलॅस्टिक लवकर मरते. वेल्क्रोत अडकलेले केस आणि कापसाची रुवे जुन्या दातघासणीने काढली की ती पुन्हा पकडते. ट्रेच्या दांड्यांचे दोन स्क्रू पावसाळ्याआधी एकदा आवळायचे, आणि खाचेवर प्लास्टिक पांढुरके पडलेले दिसले तर ती खाच लवकरच तुटणार असे समजून ट्रे काढून फक्त खिसे ठेवायचे.