ऊर्जासाठवणीच्या क्षेत्रातील स्त्रिया : प्रशिक्षणापुढचा टप्पा

सूर्य मावळतो त्याच सुमारास विजेची मागणी वाढू लागते. सौर ऊर्जेच्या प्रसाराबरोबर ही अडचण अधिकाधिक जाणवू लागली असून, दिवसा निर्माण झालेली वीज संध्याकाळसाठी राखून ठेवणे ही आता विद्युत-व्यवस्थेची एक स्वतंत्र शाखाच झाली आहे. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. घाटघर येथील २५० मेगावॅट क्षमतेच्या प्रकल्पात मागणी कमी असते तेव्हा पाणी वरच्या जलाशयात चढविले जाते आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज मिळविली जाते. यापुढील विस्ताराचा मोठा भाग मात्र बॅटरीसंचांचा असेल. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मधील राष्ट्रीय विद्युत योजनेत २०३१-३२ पर्यंत सुमारे ७४ गिगावॅट साठवणक्षमता लागेल असा अंदाज वर्तविला; त्यापैकी सुमारे ४७ गिगावॅट बॅटरींच्या रूपाने अपेक्षित आहे.

या क्षेत्रात स्त्रियांचा प्रवेश व्हावा, याबद्दल आता फारसा मतभेद राहिलेला नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, आणि महावितरणच्या सेवेत खांबावर चढणाऱ्या स्त्री तंत्रज्ञ खेड्यापाड्यांतून दिसू लागल्या आहेत. प्रश्न प्रवेशानंतरचा आहे. आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या उद्योगातील स्त्रियांचे प्रमाण ३२ टक्के आढळले. परंतु ते प्रशासकीय कामांत ४५ टक्के, तर विज्ञान व तंत्रज्ञानाच्या कामांत अवघे २८ टक्के होते. म्हणजे ज्या कामांतून पुढची पायरी गाठावयाची, नेमकी तीच कामे स्त्रियांच्या वाट्याला कमी येतात.

ज्येष्ठ स्त्रिया का नाहीत?

याचे एक कारण इतिहासात आहे. बॅटरी म्हटली की दीर्घकाळ शिसे व आम्ल यांचीच बॅटरी डोळ्यांसमोर येई. शिशाची बाधा गर्भालाही होते, हे लक्षात घेऊन १९४८ च्या कारखाने अधिनियमाखालील नियमांनी बॅटरी-निर्मितीतील शिशाच्या प्रक्रियांपासून स्त्रियांना दूर ठेवले. त्याच अधिनियमाच्या कलम ६६ ने कारखान्यांतील रात्रपाळीही त्यांना बंद केली होती. महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीने ती सुरक्षिततेच्या अटींवर खुली झाली. या बंधनांमागील हेतू संरक्षणाचा होता आणि शिशाचा धोका काल्पनिक नव्हता. तथापि, जो व्यवसाय वस्तादाच्या हाताखाली राहून शिकावयाचा, त्यात अनुभवी स्त्रियांची एक पिढीच तयार झाली नाही. आज कामावर रुजू होणाऱ्या मुलीला विचारावयास ज्येष्ठ सहकारी स्त्री बहुधा सापडत नाही. म्हणून मार्गदर्शकाची जबाबदारी सध्या तरी बव्हंशी पुरुष अभियंत्यांनाच उचलावी लागेल. स्त्रियांना स्त्रियाच शिकवतील असे म्हणून थांबणे म्हणजे आणखी एक पिढी वाया घालविणे होय.

मार्गदर्शन कशाचे?

बॅटरीचे गणित पुस्तकात मिळते. पूर्ण भारित शिसे-आम्ल सेलमधील आम्लाची सापेक्ष घनता साधारणतः १.२६ च्या आसपास असते व ती उतरत चालली की भार उतरत आहे असे समजावे, हे वर्गात एका तासात सांगता येते. परंतु एकापुढे एक जोडलेल्या सेलच्या रांगेत एखादाच सेल दुर्बल झाला, तर साऱ्या संचाची शक्ती खालावते, आणि तो सेल कोणता हे हुडकून काढण्याची नजर प्रत्यक्ष बिघाडावरच तयार होते. लिथियमच्या संचात तर एका सेलचे तापमान भलतेच वाढू लागले की ती उष्णता शेजारच्या सेलपर्यंत पोहोचून आग लागू शकते. तेथे काय बंद करावयाचे, कोणी दूर व्हावयाचे, हे क्षणात ठरवावे लागते. हा निर्णय घेण्याची सवय ज्याला लागली, तोच पुढे पर्यवेक्षक होतो.

नेमके येथेच घोटाळा होतो. बिघाडाचा निरोप आला की वरिष्ठ मुलाला बरोबर घेतात आणि मुलीला नोंदवहीपाशी बसवितात. यात दुष्टावा नसतो. उलट, तिला त्रास नको ही काळजीच असते. पाच वर्षांनी वरिष्ठ तंत्रज्ञाच्या पदाचा विचार निघाला की तीच मुलगी प्रत्यक्ष कामाच्या अनुभवात कमी पडते. आपल्या कनवाळूपणाचा हिशेब कोणाच्या खात्यावर चढतो, हे अशा वरिष्ठांनी एकदा तपासून पाहावे.

तिलोनियाचा दाखला

राजस्थानातील अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे, म्हणजेच आजच्या बेअरफूट कॉलेजचे, उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. भारतातील व परदेशांतील, विशेषतः आफ्रिकेतील, खेड्यांतून आलेल्या स्त्रिया येथे सहा महिने राहून सौर दिव्यांचे संच, भार-नियंत्रक व बॅटरी यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकतात. अनेकींना अक्षरओळख नसते, एकमेकींची भाषाही येत नाही. रंग, खुणा व हाताने केलेली कृती यांवर शिक्षण चालते. शिकविणाऱ्यांत राजस्थानातील खेड्यांतल्याच स्त्रिया असतात. त्या याच पद्धतीने शिकून शिक्षिकेच्या पदाला पोहोचल्या. शिष्येची गुरू होणे ही बढती तेथे प्रत्यक्षात उतरली आहे. आणखी एक गोष्ट पंचायत सदस्यांनी ध्यानी घ्यावी. प्रशिक्षणार्थीची निवड गावाच्या विचाराने होते, आणि ती परतल्यावर देखभालीचे मानधन मिळावे म्हणून घरटी वर्गणीची व्यवस्था केली जाते. आजीच्या वयाच्या स्त्रियांना तेथे पसंती मिळते, कारण त्या शिकून शहराची वाट धरीत नाहीत.

विद्यापीठीय संशोधनातील अनुभवही निराळा नाही. हंगेरीत जन्मलेल्या मारिया टेल्केस यांनी १९४८ मध्ये अमेरिकेतील डोव्हर येथे सूर्याची उष्णता ग्लॉबर क्षारात साठवून घर उबदार ठेवण्याचा प्रयोग केला. घराची रचना एलेनॉर रेमंड या स्त्री वास्तुशिल्पकाराची, तर पैसा अमेलिया पीबडी यांचा होता. काही हिवाळ्यांनंतर क्षार थरांत विलग होऊन व्यवस्था निकामी झाली. तरीही टेल्केस यांची वाट बंद झाली नाही. १९५२ मध्ये स्त्री अभियंत्यांच्या अमेरिकन संघटनेचा पहिला सन्मान त्यांना लाभला. पहिले अपयश पदरी आल्यावरही पाठीशी कोणी उभे राहणे, हा मार्गदर्शनाचा मोठा भाग आहे.

काय करता येईल?

पंचायत राज्यात याचा पडताळा आलेलाच आहे. राखीव जागेने स्त्रीला सरपंचाच्या खुर्चीपर्यंत आणले. जमाखर्चाची वही कशी वाचावी हे जेथे ग्रामसेवकाने वा जाणत्या सदस्याने मनापासून समजावून दिले, तेथे तिचा कारभार लवकर उभा राहिला. गावातील सौर पथदिवे व पंप यांच्या बॅटरींची देखभाल ठरविताना ग्रामपंचायतीने प्रशिक्षित मुलीचे नाव पुढे करावे, आणि पहिले वर्षभर तिच्यासोबत एक अनुभवी तंत्रज्ञ नेमून द्यावा.

प्रशिक्षण संस्थांच्या प्राचार्यांनी माजी विद्यार्थिनींना वर्षातून दोनदा कार्यशाळेत बोलावावे. विद्युत कार्यालयांत मार्गदर्शकाचे नाव तोंडी न ठरता लेखी आदेशाने ठरावे. त्याने किमान एक वर्ष एकाच प्रशिक्षणार्थीची जबाबदारी घ्यावी. तिने किती बिघाड प्रत्यक्ष हाताळले, त्यांपैकी किती स्वतःच्या निर्णयाने, याची तारीखवार नोंद दोघांच्या सहीने ठेवावी. विवाहानंतर बदली मागून दुसऱ्या जिल्ह्यात जाणाऱ्या मुलींची संख्या लहान नाही. ही नोंदवही सेवापुस्तकासोबत नव्या कार्यालयाकडे पाठविली, तर तेथील अभियंत्याला तिची ओळख पहिल्या पायरीपासून करून घ्यावी लागणार नाही.