पुरुषांमधील स्तनवृद्धी

पुरुषाच्या शरीरात स्तनाची ऊती नसते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. मुलगा व मुलगी या दोघांच्याही छातीत जन्मतः ही ऊती असते. पुढे मुलीमध्ये तिची वाढ होते, मुलामध्ये ती सुप्तावस्थेत राहते. काही कारणाने ही सुप्त ऊती वाढीस लागली म्हणजे जी स्थिती निर्माण होते, तिला वैद्यकात ‘गायनेकोमास्टिया’ म्हणतात. ‘स्त्री’ व ‘स्तन’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून झालेले हे नाव दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन याच्यापासून चालत आले आहे. नाव तसे दुर्दैवीच. कारण त्यामुळे रोग्याच्या पुरुषत्वाविषयीच शंका उत्पन्न होते आणि बहुसंख्य रोग्यांच्या बाबतीत ती सर्वस्वी निराधार असते.

इस्ट्रोजेन हे संप्रेरक केवळ स्त्रियांचे नव्हे. पुरुषाच्या वृषणांतून ते अल्प प्रमाणात स्रवते. बाकीचे, मुख्यतः चरबीच्या ऊतीत, पुरुषी संप्रेरकांचे रूपांतर होऊन तयार होते. इस्ट्रोजेन स्तनाच्या ऊतीस वाढीची चालना देते, तर टेस्टोस्टेरोन तिला आवर घालते. म्हणून कोणते संप्रेरक किती आहे यापेक्षा त्यांचे परस्परांशी प्रमाण काय आहे, याला अधिक महत्त्व असते.

हे प्रमाण आयुष्यात तीन वेळा निसर्गतःच ढळते. पहिली वेळ जन्माची. मातेची संप्रेरके वारेतून अर्भकाच्या रक्तात आलेली असतात व त्यामुळे त्याचे स्तन फुगीर दिसतात. क्वचित त्यांतून दुधासारखा थेंबही येतो. काही आठवड्यांत हे आपोआप नाहीसे होते. परंतु भारताच्या अनेक भागांत सुईण अथवा घरातील वडीलधारी स्त्री हे ‘दूध’ पिळून काढते. त्यातून जंतुसंसर्ग होतो, गळू होते, आणि अर्भक मुलगी असेल तर पुढे तिच्या स्तनाच्या वाढीलाच कायमची इजा पोहोचू शकते. येथे हात न लावणे हाच उपचार होय.

दुसरी वेळ पौगंडावस्थेची. साधारणतः तेराव्या-चौदाव्या वर्षी स्तनाग्राखाली नाण्याएवढी, दाबल्यास दुखणारी चकती हाताला लागते. निम्म्याच्या आसपास मुलांत ती कमीअधिक प्रमाणात आढळते आणि बहुतेकांच्या बाबतीत सहा महिने ते दोन वर्षांत विरून जाते. पण हे त्या मुलाला कोणी सांगितलेले नसते. तो सदरा काढीत नाही, पोहायला जाणे टाळतो, खांदे पुढे झुकवून चालू लागतो. वडील व्यायामाचा उपदेश करतात. व्यायामाने चरबी उतरते, ग्रंथींची ऊती नव्हे. म्हणून जोर-बैठका काढूनही काही फरक पडला नाही की मुलाची निराशा अधिकच वाढते. तिसरी वेळ वार्धक्याची. त्या वयात टेस्टोस्टेरोन घटते व चरबी वाढते.

या समतोलाचे एक विलक्षण उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील कैद्यांचे आहे. छावण्यांत उपासमारीने खंगलेल्या अनेकांचे स्तन पुरेसे अन्न मिळू लागल्यानंतर वाढले. उपासमारीत वृषणांचे कार्य मंदावते. पोषण सुधारताच ते पुन्हा सुरू होते, आणि शरीर जणू दुसऱ्या पौगंडावस्थेतून जाते.

तपासणीत प्रथम पाहावयाचे ते हे की, वाढ ग्रंथींची आहे की केवळ चरबीची. रोग्यास उताणे निजवून अंगठा व तर्जनी स्तनाच्या दोन बाजूंनी स्तनाग्राकडे सरकवीत नेली असता ग्रंथींची घट्ट चकती बोटांना अडते. चरबी असल्यास काहीच अडत नाही. वृषणांची तपासणी संकोचामुळे कधीही टाळू नये, कारण तेथील अर्बुदाचे पहिले चिन्ह कित्येकदा छातीवर दिसते. एकाच बाजूची, दगडासारखी कठीण, स्तनाग्रापासून बाजूला असलेली गाठ, रक्तमिश्रित स्राव किंवा काखेतील गाठी आढळल्यास कर्करोगाची शंका घेतलीच पाहिजे. पुरुषांत तो विरळा. तथापि लाजेने उशीर केल्यामुळे तो बळावतो. यकृताचा सिऱ्होसिस, थायरॉइडचा अतिरेक, तसेच एक्स गुणसूत्र जादा असलेला क्लाइनफेल्टर संलक्षण हा विकार, हीही कारणे असू शकतात. औषधांत स्पायरोनोलॅक्टोन, सिमेटिडीन, केटोकोनाझोल ही ठळक होत. शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टिरॉइडेही यांत येतात. त्यांतील जादा पुरुषी संप्रेरकाचेच इस्ट्रोजेन बनते, आणि पीळदार देहाच्या हौसेपायी नेमके नको तेच पदरी पडते.

कारणीभूत औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलले अथवा मूळ विकार आटोक्यात आला की वाढ पुष्कळदा ओसरते. ती नवी व वेदनायुक्त असेल तर टॅमॉक्सिफेनचा काही महिने उपयोग होतो. मात्र हे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये. वर्षभराहून जुन्या वाढीत तंतुमय ऊती तयार होते आणि तिच्यापुढे औषधांची मात्रा चालत नाही. मग शस्त्रक्रिया उरते. सातव्या शतकात एजिना येथील पॉल या वैद्याने तिचे वर्णन करून ठेवले आहे. आज स्तनाग्राभोवतालच्या गडद वर्तुळाच्या कडेने अर्धगोल छेद घेऊन ग्रंथी काढतात व चरबी नळीने शोषून घेतात. वण त्या कडेतच लपतो. पौगंडावस्थेतील मुलावर मात्र, वाढ फार मोठी नसल्यास, दोन वर्षे वाट पाहिल्यावाचून शस्त्रक्रिया करीत नाहीत.