संगणकावरील वस्तुसूची आणि आपली खरेदी

(ऊस विकास विभागाकडून)



गेल्या महिन्यात गट ऑफिसला बसलो असता एक जुने सभासद ऊस बिल हातात घेऊन आले. वसुलीच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, झिंक सल्फेट आमच्या गावच्या दुकानात किलोमागं वीस रुपयांनी स्वस्त हाय. कारखाना आता कॉम्प्युटरवर बघून खरेदी करतो म्हणता, मग आमच्या बिलातून जास्त पैसे का कापले?" प्रश्न रास्त होता. हाच प्रश्न आणखी पुष्कळांच्या मनात असणार, म्हणून त्याचे उत्तर इथे जरा सविस्तर देत आहे. पण त्याआधी ही संगणकावरची खरेदी चालते कशी ते पाहू.

आपल्या भांडाराची जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे. ज्या खात्याला वस्तू हवी ते मागणीपत्र देते, भांडारपाल शिल्लक बघतो, मग तीन दुकानदारांची दरपत्रके मागवून सर्वांत कमी दराला खरेदी समितीची मंजुरी घेतात. बऱ्याच वस्तूंसाठी ही रीत आजही चालू आहे. कागदावर ती चांगलीच आहे. पण माझ्या नोकरीत मी अशीही तीन दरपत्रके पाहिली आहेत की दुकानांची नावे तीन, आतले अक्षर मात्र एकाच हाताचे, आणि 'सूक्ष्म अन्नद्रव्ये' हा शब्द तिन्हींत एकाच तऱ्हेने चुकलेला! दुकानदार एकच, बाकीचे दोघे त्याचे पाहुणे. अशा वेळी तीन दरपत्रकांची तुलना केली म्हणायचे ते नावालाच.

वस्तुसूची म्हणजे कॅटलॉग. भांडारातल्या जुन्या कपाटात बेअरिंगचे, व्ही-बेल्टचे, व्हॉल्व्हचे जाडजूड छापील कॅटलॉग अजून आहेत. त्यांत वस्तू सापडते, दर सापडत नाही. दराचे पुस्तक वेगळे, आणि ते हाती येईपर्यंत दर बदललेले. संगणकावरच्या वस्तुसूचीत वस्तूचे वर्णन, मापे, आय.एस. क्रमांक, बनवणारा कोण, विकणारा कोण, दर काय आणि माल किती दिवसांत पोचणार हे सगळे एका ठिकाणी असते. त्याच वस्तूचे दहा विक्रेते एकाखाली एक दिसतात. आपल्याला नको ते गाळत गेले की उरतात त्यांची तुलना करायची.

आपल्या देशात अशी सर्वांत मोठी वस्तुसूची म्हणजे केंद्र सरकारचे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, ज्याला सगळे 'जेम' म्हणतात. ऑगस्ट २०१६ मध्ये ते सुरू झाले. त्याआधी केंद्राच्या खात्यांसाठी पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय दरकरार करून देत असे. ते कार्यालय ऑक्टोबर २०१७ अखेर बंद झाले. सहकारी संस्थांना मात्र सुरुवातीला या बाजारात खरेदीदार म्हणून जागा नव्हती. १ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ती दिली, आणि त्याच वर्षी ९ ऑगस्टला प्रत्यक्ष नोंदणी सुरू झाली. पहिल्या टप्प्यात शंभर कोटी रुपयांची उलाढाल किंवा ठेवी असलेल्या संस्था घेतल्या, अशा ५८९ संस्था पात्र ठरल्या. हे काम भारतीय राष्ट्रीय सहकारी संघाकडे सोपवले गेले.

तिथे खरेदीचे प्रकार रकमेप्रमाणे वेगळे आहेत. सरकारी खात्यांना लहान रकमेची वस्तू सरळ उचलता येते. रक्कम वाढली की निदान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या मालाची तुलना करावी लागते, आणि त्याहून मोठ्या खरेदीला निविदा किंवा उलटा लिलाव. आपल्या परभणीच्या मोंढ्यात लिलाव वर चढत जातो. इथे खरेदीदार एक, विकणारे अनेक, म्हणून बोली खाली उतरत जाते, एवढाच फरक.

आता मुख्य मुद्दा. संगणक आपल्याला स्वस्तातली स्वस्त वस्तू दाखवतो, पण कोणती वस्तू ते आपण सांगावे लागते. ज्यांच्या विहिरीवरची मोटार कधी जळून दुरुस्तीला गेली आहे त्यांना ६२०५, ६२०६ हे बेअरिंगचे आकडे पाठ असतील. हे आकडे उगाच दिलेले नाहीत. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचे माप मिळते. ०५ म्हणजे २५ मिलिमीटर, ०६ म्हणजे ३०. ६२०५ चा बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर, मग ते जगात कुठेही बनलेले असो. पण आकड्यापुढची अक्षरे विसरली तर गडबड होते. झेड-झेड लिहिले तर दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण, टू-आरएस लिहिले तर रबराचे सील, काहीच लिहिले नाही तर उघडे बेअरिंग. उघडे सर्वांत स्वस्त असते, तेव्हा नुसते ६२०५ मागितले तर तुलनेत तेच पहिले येणार. धुळीच्या जागी ते बसवले की हंगाम मध्यावर यायच्या आत आवाज करायला लागते.

झिंक सल्फेटचे असेच झाले. खत (नियंत्रण) आदेश, १९८५ प्रमाणे झिंक सल्फेट दोन प्रकारचे असते. एक हेप्टाहायड्रेट, त्यात जस्त २१ टक्के. दुसरे मोनोहायड्रेट, त्यात जस्त ३३ टक्के. दोन्ही दिसायला पांढरेच. दोन्हींच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'झिंक सल्फेट' आणि टक्केवारी बारीक अक्षरांत. समजा पहिल्याचा दर किलोला ६० रुपये आणि दुसऱ्याचा ८० रुपये आहे. वर सांगितलेल्या सभासदांच्या गावचे ते पहिले, कारखान्याने दिलेले ते दुसरे. उसाला आपण पैसे मोजतो ते जस्तासाठी, पिशवीच्या वजनासाठी नव्हे. साठ रुपयांवाल्यात एक किलो जस्त पडते सुमारे २८६ रुपयांना, ऐंशीवाल्यात सुमारे २४२ रुपयांना. उसाला कमतरता असलेल्या जमिनीत हेक्टरी २० किलो झिंक सल्फेटची शिफारस आहे, ती २१ टक्केवाल्याच्या हिशेबाने. त्याचे झाले १,२०० रुपये. तेवढेच जस्त ३३ टक्केवाल्याच्या पावणेतेरा किलोंत मिळते, त्याचे झाले सुमारे १,०२० रुपये.

सभासदांनी हिशेब ऐकला, दोनदा करून पाहिला आणि मग म्हणाले, "पण मी तर हेक्टरी वीसच किलो टाकलं की!" म्हणजे दीडपटीहून जास्त. इथे चूक आमच्या खात्याची. माल ३३ टक्क्यांचा दिला, पण वापरायचे किती ते पिशवीसोबत सांगितले नाही. आता प्रत्येक गट ऑफिसला तक्ता लावला आहे. माती परीक्षणात कमतरता निघाली असेल तरच जस्त द्यावे. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त-लोहाची कमतरता पुष्कळ ठिकाणी निघते हे खरे, तरी केवडा पडलेला प्रत्येक ऊस जस्तच मागतो असे नाही. पुष्कळदा ती लोहाची कमतरता असते.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे, ती सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी सभासदांसाठी ठिबकच्या नळ्या एकत्रित घ्यायच्या होत्या. मागणीपत्रावर मी लिहिले : '१६ मि.मी. इनलाइन नळी, ४ लिटर'. दर सर्वांत कमी आला, समितीने शाबासकीही दिली. लागणीच्या उसाला नळी चालली. खोडव्याला मात्र जागोजागी चिरा पडून पाण्याच्या चिळकांड्या उडायला लागल्या. तपासले तेव्हा कळले की नळी पातळ, पहिल्या वर्गाची होती. पुरवठादाराकडे बोट दाखवायला जागाच नव्हती, मी लिहिले तेच त्याने दिले होते. नळीची वसुली सभासदांच्या पहिल्याच बिलातून झाली होती आणि दुसरी नळी त्यांना पदरच्या पैशाने घ्यावी लागली. आज मी असे लिहितो : इनलाइन नळी, आय.एस. १३४८८, १६ मि.मी., वर्ग २, ताशी ४ लिटर, दोन ड्रिपरमध्ये ४० सें.मी. अंतर, दर मीटरमागे, बंडलची लांबी नमूद करावी. शेवटचे का? एक जण ४०० मीटरच्या बंडलचा दर देतो, दुसरा ५०० मीटरच्या, आणि घाईत पाहणाऱ्याला पहिला स्वस्त वाटतो.

द्रवरूप जिवाणू खताचेही तसेच. बाटली एक लिटरची हे सगळेच लिहितात. मिलिलिटरमध्ये निदान दहा कोटी जिवंत जिवाणू हवेत असा नियम आहे, आणि बाटलीची अंतिम तारीख आपल्या लागणीच्या पुढे जाणारी हवी. दर याच्यानंतर बघायचा.

काही सभासद विचारतात की २०१३ च्या ऊस दर कायद्याप्रमाणे साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नातले ७० टक्के उसाला जातात, मग कारखाना आपल्या ३० टक्क्यांत काय महाग-स्वस्त घेतो त्याच्याशी आम्हाला काय करायचे? कारखाना सहकारी आहे, ते तीस टक्केही सभासदांचेच. पण तो वाद बाजूला ठेवला तरी नळी, रोपे, सूक्ष्म अन्नद्रव्ये, जिवाणू खते ही खरेदी त्या तीस टक्क्यांतली नाहीच. ती तुमच्या बिलातून वळती होते. मागणीपत्रावर माझी सही असते, पैसे तुमचे असतात.

म्हणून सगळेच संगणकावरून घ्यावे असे मात्र माझे मत नाही. गळीत चालू असताना रात्री दोन वाजता बेल्ट तुटला तर संगणकातला विक्रेता आठ-दहा दिवसांचा वायदा देतो. परभणीतला दुकानदार शटर उघडून बेल्ट हातात देतो, आणि हिशेब नंतर करू म्हणतो. त्या वेळी त्याचे चार पैसे जास्त गेले तरी गळीत थांबण्यापेक्षा ते स्वस्त. जी वस्तू दरवर्षी लागते, जिची तारीख आधी ठाऊक असते, ती पावसाळ्यातच वस्तुसूचीतून घ्यावी, अडीअडचणीची गावातून. आपल्या भागातल्या दुकानदारांनीही विक्रेते म्हणून जेमवर नोंद करावी असे मी त्यांना सुचवत असतो. काहींना ते पटते, काही हसतात.

माल आल्यावरचे एक काम आपण हलके समजतो. पोच दिली म्हणजे माल स्वीकारला असे नव्हे. जेमवर माल मिळाल्याची पोच वेगळी आणि तपासून स्वीकारल्याचा दाखला वेगळा. पैसे देण्याची मुदत त्या दाखल्यापासून मोजतात. ठरलेल्या मुदतीत तपासणी करून नाकारायचा तो माल नाकारावा लागतो. नळीचे बंडल उघडून मोजणे, पिशवीवरची टक्केवारी वाचणे, बाटलीची तारीख बघणे हे त्याच दिवसांत व्हायला हवे. यंदा ही तपासणी करताना प्रत्येक गटातून दोन सभासदांना बोलावणार आहोत. कोणी यायचे ते गटातच ठरवून शेतकी मदतनिसाकडे नावे द्यावीत.

पूर्वहंगामी व सुरू लागणीसाठी लागणाऱ्या मालाचे मागणी अर्ज गट ऑफिसला ठेवले आहेत. अर्जात क्षेत्र, लागणीचा महिना, दोन सरींतले अंतर, पाण्याचे साधन विहीर की कालवा, आणि माती परीक्षण झाले असल्यास जस्त-लोहाचे आकडे भरावेत. 'मागच्यासारखेच द्या' असे कृपया लिहू नये. मागच्या वेळी काय दिले होते ते मी वर सांगितलेच आहे. अर्ज पोळ्याच्या आत आले तर सर्वांची मागणी एकत्र करून एकाच खेपेत दर मागवता येतील. उशिरा येणाऱ्यांना शिल्लक राहील त्यातूनच द्यावे लागेल.