होसकोटे : महानगराच्या सीमेवरील ग्रामीण तालुका

नागरीकरणाचा विचार करताना आपले लक्ष बहुधा महानगराकडे जाते. मात्र त्याचे खरे ताण महानगराच्या सीमेवरील ग्रामीण भागात उमटतात. कर्नाटकातील होसकोटे तालुका हे त्याचे बोलके उदाहरण होय.

'होसकोटे' म्हणजे नवा किल्ला. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बेंगळुरू व कोलारबरोबर या ठाण्याचाही समावेश होता. 1986 मध्ये बेंगळुरू जिल्ह्याचे विभाजन झाले आणि होसकोटे बेंगळुरू ग्रामीण जिल्ह्यात आले. 2007 मध्ये रामनगर जिल्हा वेगळा झाल्यावर या जिल्ह्यात देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर, होसकोटे आणि नेलमंगल हे चार तालुके उरले.

लोकसंख्या

2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 9,90,923 होती. 2001 ते 2011 या दशकात ती 16.45 टक्क्यांनी वाढली. बेंगळुरू नागरी जिल्ह्यात ही वाढ सुमारे 47 टक्के होती. तथापि, याच काळात होसकोटे शहराची लोकसंख्या सुमारे 36 हजारांवरून सुमारे 57 हजारांवर गेली. जिल्ह्याची सरासरी स्थानिक बदल कसा झाकते, हे यावरून स्पष्ट होते.

रोजगार

नाचणी, भाजीपाला, तुती आणि दूध हे येथील ग्रामीण अर्थव्यवस्थेचे आधार आहेत. बारमाही सिंचनाअभावी शेती पाऊस व कूपनलिकांवर अवलंबून राहते. दुसरीकडे, बेंगळुरू-चेन्नई मार्गामुळे कारखाने व गोदामे आली. वाहननिर्मिती हा त्यांतील ठळक उद्योग. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्यास मोबदला मिळतो. भूमिहीन शेतमजुराचे काम मात्र मोबदल्याविनाच जाते. कौशल्य नसेल, तर दारातील कारखान्यातही त्याला कंत्राटी कामापलीकडे स्थान मिळणे कठीण होते.

घरे

जनगणनेत एका स्वयंपाकघरातून जेवणाऱ्या व्यक्तींचा समूह म्हणजे 'कुटुंब'. त्यामुळे एका वाड्यातील भाड्याच्या खोल्यांत राहणारे स्थलांतरित कामगार स्वतंत्र कुटुंबे ठरू शकतात. घरांची संख्या वाढली, तरी पाणी, सांडपाणी व शौचालय यांची सोय त्या प्रमाणात वाढतेच असे नाही. शिवाय गावाचे रूप शहरी झाले, तरी कारभार ग्रामपंचायतीकडेच राहतो. अशा संक्रमणशील क्षेत्रासाठी राज्यघटनेच्या कलम 243-थ (क्यू) मध्ये नगर पंचायतीची तरतूद आहे.

शिक्षण

2011 मध्ये जिल्ह्याची साक्षरता 77.93 टक्के, म्हणजे राज्याच्या 75.36 टक्क्यांहून अधिक होती. परंतु पुरुषांची साक्षरता 84.82 टक्के, तर स्त्रियांची 70.63 टक्के होती. चौदा टक्क्यांहून अधिक गुणांची ही दरी चिंताजनक आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. तरीही वर्षाच्या मध्यात स्थलांतर करणाऱ्या कामगारांची मुले, विशेषतः मातृभाषा कन्नड नसलेली, शाळेबाहेर पडण्याचा धोका राहतो.

निष्कर्ष

2021 ची जनगणना लांबल्याने नियोजन दीर्घकाळ 2011 च्या आकड्यांवरच चालले. आगामी जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख ठरली आहे. वेगाने बदलणाऱ्या तालुक्यात जुन्या आकड्यांवर आखलेली शाळा, नळयोजना किंवा घरकुल योजना अपुरी पडणे स्वाभाविक होय. म्हणूनच अशा क्षेत्रांचे नियोजन जिल्ह्याच्या सरासरीवर न करता ग्रामपंचायतनिहाय माहितीवर करणे अगत्याचे आहे.